प्रेझेंट सर! – खरा माणूस आणि एकच माणूस

प्रॉक्सी कशी मारतात हे या मासिकाच्या वाचकांना शिकवायची गरज नाही. मागच्या बेंचवरचा एक जण तीन वेगवेगळ्या आवाजांत ‘प्रेझेंट सर’, ‘येस सर’ आणि ‘हजर’ म्हणतो आणि मस्टरवर तीन जण जिवंत होतात. सरांपर्यंत पोचतो तो फक्त आवाज. हा आवाज रोल नंबर सत्तावीसचाच आहे का, आणि हाच प्राणी आत्ता चौतीसच्या वेळीही ओरडला का, हे मान वर केल्याशिवाय त्यांना कळत नाही.

इंटरनेटवर मान वर करायची सोयच नाही. तिथे सर म्हणजे एक सर्व्हर, आणि त्याच्यापर्यंत येतात ते फक्त आकडे. त्यामुळे प्रॉक्सीचा प्रश्न तिथे कितीतरी पट मोठा होऊन बसतो. मी या विषयावर सेमिनार घेतला तेव्हा माझा समज होता की हा सगळा पासवर्ड आणि ओटीपीचा मामला आहे, दोन दिवसांत उरकेल. पण वाचत गेले तसं लक्षात आलं की आपण ज्याला सरसकट ‘व्हेरिफिकेशन’ म्हणतो, त्यात तीन अगदी वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत. समोर माणूस आहे की प्रोग्राम? माणूस असेल तर तो एकदाच आलेला आहे ना? आणि तो स्वतःला जो म्हणवतो तोच आहे का? या तिघांची यंत्रं वेगळी, गणित वेगळं, आणि मुख्य म्हणजे गणित चुकलं तर त्यात भरडला जाणारा माणूसही वेगळा. हा शेवटचा मुद्दा मला आपल्या पुस्तकांत फारसा सापडला नाही, म्हणून हा लेख.

पहिल्या प्रश्नापासून सुरू करू. दिवाळीत पुण्याहून अमरावती-अकोल्याला यायचं तत्काळ तिकीट ज्याने काढलं असेल त्याला हा प्रश्न पाठ असतो. सकाळी दहाला एसीचं आणि अकराला स्लीपरचं बुकिंग उघडतं, आणि आपण वाकडीतिकडी अक्षरं टाइप करेपर्यंत वेटिंग लिस्ट सुरू! ती वाकडी अक्षरं म्हणजे कॅप्चा. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम आणि त्यांच्या साथीदारांनी साधारण २००० साली याहूसाठी हे काम केलं आणि ‘कॅप्चा’ हे नावही त्यांनीच दिलं. कल्पना साधी होती. ॲलन ट्युरिंगने १९५० मध्ये विचारलं होतं की यंत्र माणसासारखं वागू शकेल का, आणि ते ओळखायला परीक्षक होता माणूस. इथे उलटं झालं. परीक्षक यंत्र, आणि ‘मी माणूस आहे हो’ हे सिद्ध करायची पाळी आपल्यावर!

ही परीक्षा फार वर्षं टिकली नाही. २०१४ मध्ये गुगलनेच जाहीर केलं की त्यांचा प्रोग्राम सर्वात अवघड वाकडी अक्षरं ९९.८ टक्के अचूक वाचतो. २०२३ मध्ये तर जीपीटी-४ च्या चाचणीत त्या प्रोग्रामने एका माणसाला पैशावर कॅप्चा सोडवायला लावलं, आणि त्याने शंका घेतली तेव्हा ‘माझी नजर कमजोर आहे’ असं खोटं सांगितलं. पण त्याच्याही कितीतरी आधी कॅप्चाला एक अगदी देशी तोड निघाली होती. ‘घरबसल्या टायपिंग करून कमवा’ अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. त्यातल्या काहींमागचं काम म्हणजे दिवसभर दुसऱ्यांचे कॅप्चा सोडवणं. परीक्षा देणारा माणूस शंभर टक्के खरा. फक्त तो एकटाच हजार जणांच्या नावाने परीक्षा देत असतो. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर बरोबर आणि दुसऱ्याचं साफ चूक.

रेल्वेने शेवटी हाच धडा घेतला. २०२५ च्या जूनमध्ये रेल्वे मंत्रालयाने सांगितलं की तत्काळ उघडल्यावर पहिल्या पाच मिनिटांत लॉगिनचे ५० टक्क्यांपर्यंत प्रयत्न बॉटचे असतात, आणि अडीच कोटींहून जास्त संशयास्पद खाती बंद केली आहेत. १ जुलै २०२५ पासून वेबसाइटवर आणि ॲपवर तत्काळ तिकीट फक्त आधार जोडलेल्या खात्यालाच मिळू लागलं. अक्षरं कितीही वाकडी केली तरी उपयोग नाही हे कळल्यावर रेल्वेने ‘तू माणूस आहेस का’ हे विचारणं कमी केलं आणि ‘तू एकच आहेस का’ हे विचारायला सुरुवात केली.

या दुसऱ्या प्रश्नाला कॉम्प्युटर सायन्समध्ये एक नाव आहे, सिबिल अटॅक. (आपल्याकडे सिबिल म्हटलं की बँकेचा साहेब आणि पीककर्ज आठवतं. हे ते नव्हे!) अनेक व्यक्तिमत्त्वं असलेल्या एका बाईवर १९७३ मध्ये निघालेल्या इंग्रजी पुस्तकावरून हे नाव घेतलं. मायक्रोसॉफ्टमधल्या जॉन डाउसर याने २००२ मध्ये एक छोटासा पेपर लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की सगळ्यांनी विश्वास ठेवावा अशी एखादी मध्यवर्ती संस्था नसेल, तर एका माणसाने अनेक माणसं असल्याचं सोंग आणणं व्यवहारात कधीच पूर्णपणे थांबवता येत नाही. कितीही हुशार अल्गोरिदम लिहा. कुठेतरी, कोणीतरी, एकदा तरी मान वर करून माणसं मोजावीच लागतात.

जुन्या काळी हे काम गावातच व्हायचं. अनोळखी पोरगं दिसलं की पारावरचा म्हातारा विचारणार, ‘कोनाचा व्हय रे तू?’ आणि बापाचं, आजाचं नाव सांगितलं की झालं व्हेरिफिकेशन. कोतवाल आणि पोलीस पाटील यांना गावातलं प्रत्येक डोकं माहीत. एकाच माणसाने दोन माणसं होऊन दाखवणं तिथे अशक्यच. पण ही पद्धत हजार-दोन हजार वस्तीपर्यंत चालते. पुढे काय?

पुढे काय, याचं जगातलं सर्वात मोठं उत्तर आपल्याच राज्यात सुरू झालं. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. पंतप्रधान मनमोहन सिंग तिथे हजर होते. आपल्यातले बरेच जण तेव्हा अंगणवाडीत होते, आणि पुढे शाळेच्या दाखल्याइतकंच आधार कार्ड आपल्याला नेहमीचं झालं, त्यामुळे त्यातलं इंजिनिअरिंग किती जबरदस्त आहे हे आपल्या कधी लक्षातच आलं नाही. ज्याच्याकडे कसलाच कागद नाही त्याच्यासाठीही सोय होती. गावातला एखादा नोंदणीकृत परिचयकर्ता ‘हा इथलाच’ असं सांगायचा. म्हणजे पारावरच्या म्हाताऱ्यालाही त्या यंत्रणेत जागा होती म्हणायची.

आता गंमत पाहा. तुमच्या वर्गात ६० जण आहेत. माझ्या वाढदिवसाला दुसऱ्या एखाद्या ठरावीक मुलीचा वाढदिवस असण्याची शक्यता ३६५ मध्ये एक, अगदीच नगण्य. पण वर्गात कोणत्याही दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता किती? ९९ टक्क्यांच्या वर! कारण ६० जणांच्या जोड्या होतात १,७७०, आणि १,७७० ला ३६५ ने भागलं तर सरासरी जवळपास पाच जोड्या जुळतात. गणित तेच, फक्त ‘हा आणि तो’ ऐवजी ‘कोणीही आणि कोणीही’ असं विचारलं, की नगण्य गोष्ट जवळपास नक्की होऊन बसते.

आधारमध्ये नवा माणूस आला की त्याची बोटं आधीच्या सगळ्यांच्या बोटांशी ताडून बघावी लागतात. याला डी-डुप्लिकेशन म्हणतात. समजा आपल्याकडे एक छान यंत्र आहे, जे दोन वेगळ्या माणसांच्या ठशांना चुकून एकच म्हणण्याची चूक दहा लाखांत एकदाच करतं. कॉलेजच्या लॅबमध्ये असं यंत्र केलं तर एक्स्टर्नल उठून हात मिळवेल. पण साठा १२० कोटींचा असेल तर तेच यंत्र प्रत्येक नव्या माणसाला सरासरी १,२०० जणांशी ‘जुळला’ म्हणून सांगेल. म्हणजे देशात कोणालाच क्रमांक मिळणार नाही! म्हणून एका बोटावर भागत नाही. दहाही बोटं आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं घ्यावी लागतात. मशीनसमोर आपल्याला डोळे फाडून बसवलं होतं ते याच्यासाठी. एका स्वतंत्र खुणेची चूक दुसरीच्या चुकीने गुणली जाते आणि आकडा भराभर लहान होत जातो.

तरी तो शून्य होत नाही. प्राधिकरणाने २०१२ मध्ये स्वतःच एक अहवाल काढला होता. साठा ८ कोटी ४० लाखांचा असताना, नव्या खऱ्या माणसाला ‘हा आधीच नोंदलेला आहे’ असं चुकून म्हणण्याचं प्रमाण ०.०५७ टक्के. दुसरीकडे, खरोखर दुसऱ्यांदा आलेला माणूस निसटून जाण्याचं प्रमाण ०.०३५ टक्के. टक्केवारी वाचून आपण म्हणतो, वा! पण दहा लाख खऱ्या माणसांमागे हे ५७० जण झाले, आणि साठा वाढला की जुळण्याची संधीही वाढते. म्हणूनच यंत्राने अडवलेल्या नोंदी शेवटी माणसाने डोळ्यांनी तपासायची सोय ठेवावी लागली. मान वर करणारे सर इथेही लागलेच.

जाता जाता एक छोटी गोष्ट. आधारचे १२ अंक हे मुळात ११ अधिक १. शेवटचा अंक आधीच्या अंकांवरून काढतात, याकोबस व्हेरहोफ या डच गणितज्ञाच्या १९६९ च्या पद्धतीने. एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले तर लगेच पकडलं जातं. सी मध्ये पंचवीस-तीस ओळींत होतो हा प्रोग्राम, ज्युनिअर्सनी जरूर करून पाहा. पण त्याने कळतं ते इतकंच की आकडा बरोबर लिहिला आहे. त्या आकड्यामागे कोण उभं आहे, याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि इथे येतो तिसरा प्रश्न. क्रमांक मिळाला, माणूस एकच आहे हे ठरलं. आता तो रेशनच्या दुकानात किंवा सेतू केंद्रात जाऊन म्हणतो, ‘मी अमुक’. यंत्राला आता १२० कोटींत शोधायचं नसतं, फक्त त्या एका नोंदीशी ताडायचं असतं. पहिल्याला एकास-अनेक म्हणतात, याला एकास-एक. गणित कितीतरी सोपं. मग इथे जास्त त्रास का होतो?

कारण चुकीची दिशा बदलते. नोंदणीच्या वेळी भीती असते ती दोन वेगळी माणसं एक ठरण्याची. इथे भीती असते ती एकच माणूस दोन ठरण्याची. सेन्सर बोटावर बघतो काय, तर रेघ कुठे संपते आणि रेघेला फाटा कुठे फुटतो, एवढंच. या फाट्यांच्या जागा जुळल्या की एक गुण मिळतो, आणि गुण ठरावीक रेषेच्या वर गेले की ‘यशस्वी’. ती रेषा म्हणजे थ्रेशोल्ड. धान्याच्या चाळणीसारखंच आहे हे. भोकं बारीक ठेवली तर खडे अडतात पण चांगला दाणाही वरच राहतो, आणि मोठी ठेवली तर दाण्याबरोबर खडेही खाली. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी चाळणी कोणीच बनवलेली नाही. भोक किती मोठं ठेवायचं हे कोणीतरी ठरवतं. आणि ते ठरवणारा इंजिनिअर सहसा कीबोर्डवर काम करणारा, मऊ बोटांचा असतो!

वऱ्हाडात ही बोटं कशी असतात ते सांगायला नको. पऱ्हाटीचं बोंड फुटलं की त्याची सुकलेली टोकं काट्यासारखी होतात, आणि वेचणाऱ्या बाईची बोटं दिवसभर त्यातच. वेचणी झाली की निंदण, सोयाबीनची सोंगणी, विळा, माती. भरीस भर म्हणून अकोल्याचा मे महिना. कातडी इतकी कोरडी होते की काचेवर बोट नीट उमटतच नाही. रेघा झिजतात, मध्ये चिरा पडतात, आणि यंत्राला ती प्रत्येक चीर म्हणजे ‘इथे रेघ संपली’ असं वाटतं.

मी आबाजींना एका योजनेच्या केवायसीसाठी घेऊन गेले होते तेव्हाचं सांगते. केंद्र कोणतं ते महत्त्वाचं नाही, सगळीकडे हेच चित्र असतं. उजवा अंगठा लावला, लाल. पुन्हा लावला, लाल. ऑपरेटर पोरगा चांगला होता, म्हणाला, ‘बाबाजी, थम नाही लागून राहिला, जरा पुसून लावा.’ धोतराला पुसून लावला, लाल. आबाजी माझ्याकडे वळून म्हणाले, ‘काय म्हणते वं माय ते?’ मी म्हटलं, ‘आबाजी, ते म्हणते ओळख पटत नाही.’ आबाजी हसले. ‘पन्नास वर्सं या आंगठ्यानं वखर धरला, आन् आता हे डबडं म्हणते का मी मीच नाही!’ मागे रांगेत पंधरा जण, त्यातले निम्मे आपापले अंगठे न्याहाळत उभे. शेवटी डाव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट लागलं. त्या बोटाने आयुष्यात सर्वात कमी काम केलं असणार.

मला तेव्हा गंमत वाटली होती. सेमिनारसाठी हे दोन प्रकारच्या चुकांचे आलेख काढायला बसले तेव्हा ‘चुकीचा नकार – २ टक्के’ असं लिहिताना हात थबकला. हा आकडा मी उदाहरणापुरता धरला होता. पण पुस्तकात जे टक्के असतात ते सगळ्या माणसांवर सारखे वाटलेले नसतात. आपल्यासारख्यांच्या बोटाला तो जवळपास शून्य असतो आणि कापूस वेचणाऱ्या बाईच्या बोटाला रोजचा. सरासरी काढली की दोघी एकाच ओळीत बसतात आणि प्रश्न दिसेनासा होतो.

म्हणून मग भोकं मोठी ठेवायची का? तसंही नाही. २०१८ मध्ये आपल्या शेजारच्या तेलंगणात सिमकार्ड विकणाऱ्या एकाने जमिनीच्या खरेदीखतांवरचे अंगठ्यांचे ठसे उचलले, त्यांचे रबरी ठसे बनवले आणि विक्रीचं टार्गेट गाठायला हजारो सिम चालू केली. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक ग्राहक खरा, प्रत्येक ग्राहक वेगळा. ठसे खरेच होते, फक्त त्यांचे मालक तिथे नव्हते! जपानच्या त्सुतोमु मात्सुमोतो यांनी २००२ मध्येच जिलेटिनच्या, म्हणजे आपल्या जेलीच्या, बोटांनी सेन्सर फसवून दाखवले होते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार? त्यामुळे आता यंत्रात बोट ‘जिवंत’ आहे का हे पाहणारा भाग वेगळा बसवावा लागतो. पीएम-किसानसाठी २०२३ पासून चेहऱ्याने केवायसी करायची सोय आली ती झिजलेल्या बोटांना खरोखर उपयोगी पडली.

जिवंत असण्यावरून आठवलं. बोटाच्या ठशाचा सरकारी वापरच मुळात या भानगडीतून वाढला. विल्यम हर्शेल हा इंग्रज अधिकारी बंगालमध्ये होता. त्याने १८५८ मध्ये एका करारावर हाताचा ठसा घेतला आणि पुढे १८७७ च्या सुमारास हुगळीला पेन्शनरांचे ठसे घ्यायला लावले, कारण पेन्शनर वारला तरी त्याच्या नावाने पैसे उचलले जात. १८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं कार्यालय निघालं, आणि तिथली वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझिजुल हक आणि हेमचंद्र बोस या दोघा भारतीयांचा मोठा वाटा होता. नाव मात्र झालं एडवर्ड हेन्री या साहेबाचं. असो. आज आजोबा-आजी जो ‘जीवन प्रमाण’ दाखला देतात तो २०१४ पासून सुरू झाला, पण प्रश्न हर्शेलचाच आहे. २०२५ मध्ये प्राधिकरणाने वारलेल्या माणसांचे दोन कोटींहून जास्त क्रमांक बंद केले. एकच असणं आणि अजून असणं, हेही दोन वेगळे प्रश्न निघाले!

आणि तिन्ही प्रश्न सुटले तरी एक चौथा उरतोच. लाडकी बहीण योजनेत १४ हजारांहून अधिक पुरुषांनी पैसे घेतल्याचं २०२५ मध्ये समोर आलं. ही सगळी माणसं होती, प्रत्येक जण एकच होता. फक्त बहीण नव्हता. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सर्व लाभार्थी महिलांना ई-केवायसी सक्तीची झाली. पात्रता तपासायचं काम ओळख तपासणाऱ्या यंत्राकडून करून घेऊ पाहिलं की असं होतं. जिथे प्रश्न कागद नीट वाचण्याचा असतो तिथे आपण अजून एक ओटीपी टाकतो, आणि त्रास होतो तो जिचा मोबाइल नंबर बदलला आहे तिला.

आता मला या विषयातला सर्वात आवडलेला भाग. आपण धरून चाललोय की ‘हा एकच आहे’ हे कळायचं तर ‘हा कोण आहे’ हे कळलंच पाहिजे. खरंच तसं आहे का? मतदानाची शाई आठवा. १९६२ च्या निवडणुकीपासून म्हैसूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली ही शाई डाव्या हाताच्या बोटाला लावतात. त्यात सिल्व्हर नायट्रेट असतं, कातडीवर ते काळं पडतं आणि कित्येक दिवस निघत नाही. ते बोट पाहून तुमचं नाव कळत नाही, गाव कळत नाही, मत कोणाला दिलं ते तर मुळीच नाही. कळतं एवढंच, की या माणसाचं आज झालं आहे. केंद्रावर यादीत नाव तपासतात ते वेगळं, पण ‘दुसऱ्यांदा नाही’ हे काम शाई बिनबोभाट, नाव न विचारता करते.

हेच आकड्यांत करता येतं. डेव्हिड चाऊम याने १९८२ मध्ये ‘ब्लाइंड सिग्नेचर’ नावाची युक्ती मांडली. उपमा त्याचीच, कार्बन पेपर लावलेल्या पाकिटाची. तुम्ही एका चिठ्ठीवर स्वतःच निवडलेला एक लांबलचक आकडा लिहायचा, वर कार्बन ठेवायचा आणि पाकीट बंद करायचं. अधिकारी तुमचं ओळखपत्र बघतो, तुम्ही आधी आलेले नाही याची खात्री करतो आणि पाकिटावर बाहेरून सही करतो. कार्बनमुळे ती आतल्या चिठ्ठीवर उमटते. घरी येऊन तुम्ही पाकीट फाडून फेकता. आता तुमच्याकडे सहीची चिठ्ठी आहे, पण अधिकाऱ्याने आतला आकडा पाहिलेलाच नाही. ती चिठ्ठी कुठेही दाखवली तर समोरच्याला कळतं की हा खरा, मोजलेला माणूस आहे. चिठ्ठी दुसऱ्यांदा आली तर आकडा पाहून लगेच पकडता येते. पण हा माणूस कोण, हे ना दुकानदाराला कळतं ना अधिकाऱ्याला. खऱ्या पद्धतीत पाकिटाच्या जागी आरएसए चा गुणाकार असतो, जो आपण थिअरीच्या पेपरपुरता पाठ करतो आणि विसरतो.

मग सगळीकडे हेच का नाही? कारण डाउसर पुन्हा आडवा येतो. पाकिटावर सही करणारा कोणीतरी लागतोच आणि त्याला प्रत्येकी एकच पाकीट द्यावं लागतं. सॅम ऑल्टमन यांच्या वर्ल्डकॉइनने २०२३ मध्ये बुबुळ टिपणारे चकचकीत गोळे घेऊन हेच काम देशोदेशी करायला घेतलं. सरकार नको, नाव नको, फक्त डोळा दाखवा आणि बदल्यात नाणी घ्या. केनियाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते थांबवलं, कारण लोक पैशासाठी रांगा लावून डोळे देत होते आणि त्या डोळ्यांचं पुढे काय होणार हे स्पष्ट नव्हतं. माझं मत विचाराल तर बुबुळाची नोंद एखाद्या परदेशी कंपनीकडे असण्यापेक्षा आपल्या कायद्याखाली, कोर्टात जाब विचारता येईल अशा ठिकाणी असलेली बरी. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणाला मूलभूत हक्क म्हटलं आणि २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार कायम ठेवताना खाजगी कंपन्यांच्या सरसकट वापराला चाप लावला, तो असाच जाब होता. बोट जुळलं नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला परत पाठवू नये, दुसऱ्या मार्गाने ओळख पटवावी, हेही त्या निकालात नोंदलेलं आहे. केंद्रावरच्या रांगेत ते किती जणांना माहीत असतं?

तेव्हा सुट्टीत गावी जाल तर एक-दोन कामं जरूर करा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं कोणतं बोट नीट लागतं ते एकदा दहाही बोटं लावून बघा आणि कार्डाच्या झेरॉक्सवर लिहून ठेवा. आमच्याकडे ते आता पेनाने लिहिलेलं आहे. ठसे फार झिजले असतील किंवा मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर नोंद अपडेट करून घ्या. मोबाइल नंबर जोडलेला असेल तर ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, म्हणजे खरेदीखतावरून कोणी ठसा उचलला तरी चालणार नाही. केंद्रावर जायच्या आधी मात्र ते आठवणीने उघडा, नाहीतर ऑपरेटर पुन्हा म्हणेल, ‘बाबाजी, थम नाही लागून राहिला!’